पिल्लू वरती, आम्ही खाली: बेबी मॉनिटर घेतानाची गोष्ट

एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आलो त्या पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पिल्लू रडत होतं म्हणून नाही, ते तर दूध पिऊन गाढ झोपलं होतं. झोप लागली नाही कारण खोलीत कसलाच आवाज नव्हता. २३ दिवस आम्ही त्या मशीनच्या आवाजात काढले होते, टूं टूं टूं चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं डोक्यात बसलं होतं, आणि आता नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीत, बंद खिडक्यांच्या खोलीत, एवढी शांतता मला सहन होत नव्हती.

आमचं बाळ ३३ व्या आठवड्यात झालं, वजन १ किलो ७५० ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलेलं, तळपायाला चिकटवलेला लाल दिवा, बाजूच्या स्क्रीनवर आकडे, हिरवा ठोक्यांचा आणि निळा ऑक्सिजनचा. निळा आकडा खाली आला की मशीन ओरडायचं, सिस्टर येऊन तळपायाला हलकीशी टिचकी मारायच्या आणि बाळ परत श्वास घ्यायला लागायचं. डॉक्टरांनी समजावलं होतं की लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे ती मधेच थांबतात, २० सेकंद किंवा जास्त थांबली की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, आणि त्यावर औषध म्हणून कॅफिन देतात, आपल्या चहा-कॉफीत असतं तेच. बहुतेक बाळांचं हे ३६-३७ आठवडे भरेपर्यंत आपोआप थांबतं. आमचंही थांबलं. शेवटचा आठवडाभर मशीन एकदाही वाजलं नाही म्हणूनच घरी सोडलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी रात्री दर पंधरा मिनिटांनी उठून त्याच्या नाकाखाली बोट धरत होते.

आणि मग रात्री ३ वाजता मोबाईलवर शोधत बसले, बाळाचा श्वास मोजणारं काही मिळतं का. मिळतं. छोटासा मोजा असतो, बाळाच्या पायात घालायचा, तो ठोके आणि ऑक्सिजन मोजतो आणि फोनवर दाखवतो, म्हणजे एनआयसीयूमधलं तेच मशीन पण घरी. अमेरिकेतली किंमत रुपयात केली तर २५ हजारांच्या घरात. मी सकाळी नवऱ्याला म्हटलं, काहीही कर पण हे मागव. तो एका शब्दाने नाही म्हणाला नाही. त्याचीही हालत माझ्यासारखीच होती, फक्त तो बोलून दाखवत नव्हता.

पहिल्या फॉलोअपला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले घेऊ नका. आणि नुसतं घेऊ नका म्हणून सोडून दिलं नाही, नीट बसवून सांगितलं, म्हणून मी इथे सविस्तर लिहितेय कारण माझ्यासारख्या रात्री ३ वाजता शोधणाऱ्या अजून कितीतरी आया असतील. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलंय की झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी करण्याचा उपाय म्हणून ठोके-श्वास मोजणारे घरगुती मॉनिटर वापरू नका, कारण त्याने धोका कमी होतो असं दिसलेलं नाही. ज्या बाळाला खरंच गरज असते त्याला डॉक्टर स्वतः लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. असे मोजे विकणाऱ्या एका कंपनीला तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये इशाऱ्याचं पत्र दिलं होतं, कारण ठोके आणि ऑक्सिजन मोजून अलार्म देणारी वस्तू म्हणजे वैद्यकीय उपकरण, आणि तशी मंजुरी घेतलेली नव्हती. पुढे २०२३ च्या शेवटी नव्या मोज्याला मंजुरी मिळाली, पण ती १ ते १८ महिन्यांच्या निरोगी बाळांसाठी.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "समजा रात्री अलार्म वाजला, तर तुम्ही पहिल्या १० सेकंदांत काय कराल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी आम्हा दोघांना प्लास्टिकच्या बाहुलीवर शिकवलं, तळपाय कसा चोळायचा, मान कशी ठेवायची, छाती कशी दाबायची, तोंडाने श्वास कसा द्यायचा. आणि हेही सांगितलं की नवजात बाळ मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतं, मधे ५-१० सेकंद थांबतं, मग भराभर चार-पाच श्वास घेतं, परत शांत होतं. ह्याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात आणि ते नॉर्मल आहे. मी ज्या थांबण्याला घाबरून बोट लावत होते ते हेच होतं. मात्र ओठ निळे पडले, बाळ ढिलं पडलं किंवा थांबणं लांबलं तर एक मिनिटही वाट बघायची नाही, हेही तितकंच ठासून सांगितलं.

त्या दिवशी गाडीत येताना मी बरीच रडले आणि मग मला खूप हलकं वाटलं. २५ हजार वाचले म्हणून नाही. कोणीतरी मला काय करायचं ते शिकवलं होतं म्हणून.

तर मोजा बाद. पण मॉनिटर, म्हणजे बाळाचा आवाज आणि चित्र दुसऱ्या खोलीत पोचवणारं यंत्र, लागणार होताच, आणि तो कशासाठी हे आता आम्हाला कळलं होतं.

आमचं घर रो-हाऊस आहे. नाशिकमध्ये राहणाऱ्यांना लगेच डोळ्यासमोर येईल, समोर गेट, छोटंसं पार्किंग, आत हॉल, मागे किचन, त्याच्याही मागे धुणंभांड्याची जागा, वर दोन बेडरूम आणि त्यावर गच्ची. बाळ वरच्या बेडरूममध्ये झोपतं. रात्रीचा प्रश्नच नाही कारण रात्री ते आमच्याच खोलीत असतं, आमच्या पलंगाला लागून त्याचा लाकडी पाळणा, आणि निदान पहिले ६ महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं असंच डॉक्टर सांगतात. प्रश्न दिवसाचा होता. मी खाली ओट्याशी, कुकर लावलेला, मिक्सर चालू, आणि बाळ वर. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या दिवसातून एकदा जिना चढतात तेवढंच खूप. नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. माझी आई दीड महिना राहून चाळीसगावला परत गेली होती. म्हणजे दुपारी बाळ वर उठून रडलं तर ते ऐकणार कोण, एवढाच प्रश्न होता. मॉनिटरच्या जाहिराती बघितल्या तर सगळीकडे रात्रीची खोली, वेगळ्या खोलीत झोपलेलं बाळ, आणि निवांत आईबाबा. आपल्याकडे बहुतेक घरात बाळ रात्री आईजवळच असतं, त्यामुळे आपल्याला हे यंत्र लागतं ते दिवसा, घरात माणसं आणि कामं दोन्ही चालू असताना, आणि हे एकदा लक्षात आलं की कुठला घ्यायचा ते ठरवणं निम्मं सोपं होतं.

आम्ही सुरुवात जुन्या फोनवर केली. एक फोन पाळण्यापासून लांब टेबलावर, एक माझ्याकडे, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. पहिले दोन दिवस बरं वाटलं. पण तासाभराने वरचा फोन तापायचा, मधेच कोणाचातरी फोन आला की गडबड व्हायची, आणि एकदा तर कॉल कधी कट झाला ते मला कळलंच नाही, स्क्रीन बंद होती म्हणून मला वाटलं बाळ झोपलंय. वर गेले तर रडून रडून लाल झालं होतं. एरवी चालू आहे की बंद ते निदान दिसतं तरी, पण बंद असून चालू वाटणारी वस्तू सगळ्यात वाईट. तेव्हापासून मी कुठलाही मॉनिटर बघताना पहिली गोष्ट हीच बघते की कनेक्शन तुटलं तर तो स्वतःहून ओरडतो का. ओरडत नसेल तर बाकीचं काही बघायचीच गरज नाही.

मग दीर म्हणाले मी आणतो. ते न्यू जर्सीला असतात, फेब्रुवारीत येणार होते, तिकडे चांगले मॉनिटर मिळतात म्हणाले, आणि मिळतातही. पण नवरा इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्याने वाचून काढलं. तिकडचे बरेचसे ऑडिओ मॉनिटर डेक्ट पद्धतीचे, म्हणजे कॉर्डलेस फोनसारखे, असतात आणि अमेरिकेत ते १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे २१०० चा जो मोबाईल बँड आहे, २०१० साली थ्रीजीसाठी लिलाव झाला तो, त्यात फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल १९२० पासूनच सुरू होतो. म्हणजे तिकडे जी जागा मोकळी ठेवलीय ती इकडे मोबाईल कंपन्यांची आहे. आपला मॉनिटर त्यांच्या मधे बोलणार आणि त्यांचे फोन आपल्या मॉनिटरच्या मधे बोलणार, हे चूकच. तिकडच्या जुन्या ९०० मेगाहर्ट्झवाल्यांचंही तेच, इथे तो मोबाईलचाच बँड. २.४ गिगाहर्ट्झवाले मात्र दोन्हीकडे चालतात, वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतात. शिवाय अ‍ॅडॅप्टर. तिकडे वीज १२० व्होल्टची, इकडे २३०. अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालतं, फक्त १२० लिहिलं असेल तर इथे लावल्या लावल्या जळणार. आणि बिघडलं तर वॉरंटी तिकडे. आम्ही दिरांना सांगितलं की भाऊजी मॉनिटर नको, बाळासाठी थोडे लोकरीचे मोजे-टोप्या आणा. त्यांना वाईट वाटलं थोडं पण त्यांनी समजून घेतलं.

तिसरा पर्याय वायफाय कॅमेरा. हा सगळ्यात जास्त विकला जातो, दोन-तीन हजारात मिळतो, फोनवर दिसतो, आणि त्याचा एक फायदा मी अजिबात नाकारणार नाही. नवरा कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत बाळाला बघायचा. २३ दिवस काचेतून बघितलेलं बाळ, आणि घरी आल्यावर परत आठ-नऊ तास लांब, त्याला त्या दोन मिनिटांचं केवढं होतं ते मला माहीत आहे. ज्यांचं माणूस बाहेरगावी किंवा परदेशात असतं त्यांच्यासाठी हाच बरोबर. पण आमच्या घरात तो टिकला नाही, त्याची कारणं सांगते.

एक म्हणजे लाईट. आमच्याकडे लाईट जाते, इन्व्हर्टर आहे, पण राऊटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता. लाईट गेली की पंखा चालू, ट्यूब चालू, आणि कॅमेरा गप्प. राऊटरला छोटा यूपीएस लावून हे सुटतं, आम्ही लावलाही, पण मग केबलवाल्याचं नेट जातं त्याचं काय करणार. दुसरं म्हणजे मच्छरदाणी, आणि हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय. बाळावर आपण ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी लावतो ना, अंधारात कॅमेरा त्याच्यातून बघूच शकत नाही. नाईट व्हिजन म्हणजे कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतो, तो प्रकाश जवळच्या पांढऱ्या जाळीवर आपटून परत येतो आणि स्क्रीनवर नुसतं पांढरं धुकं दिसतं, आत बाळ कुठे ते कळत नाही. दुपारी झोपवताना आम्ही पडदे लावायचो तेव्हाही हेच. एक पडदा वीतभर सरकवून उजेड येऊ दिला की कॅमेरा साध्या मोडवर यायचा आणि बाळ दिसायचं. तिसरं, हालचाल झाली की नोटिफिकेशन. पंख्याने जाळी हलते, नोटिफिकेशन. पाळणा थोडा डुलतो, नोटिफिकेशन. दिवसभरात इतकी यायला लागली की मी बघणंच सोडलं, आणि बघणं सोडलं म्हणजे मग तो असून उपयोग काय.

पण खरं कारण सासूबाई. मी अंघोळीला गेले, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, की खाली त्याच असतात. त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं, दोनदा-तीनदा दाखवलं, त्या बिचाऱ्या मन लावून शिकल्या. पण फोन लॉक असला की आधी तो उघडा, मग अ‍ॅप शोधा, मग ते गोल गोल फिरणार, तोवर त्यांचा जीव वर-खाली. एकदा मी गच्चीवर असताना त्यांना अ‍ॅप उघडता आलं नाही आणि त्या त्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून, पूर्ण जिना चढून वर गेल्या. बाळ झोपलेलंच होतं. त्या मात्र संध्याकाळभर पाय शेकत बसल्या. तेव्हा मी ठरवलं की मॉनिटर असा हवा जो त्यांच्या हातात दिला की काही न करता बोलेल. मी चालवू शकते का हा प्रश्नच नव्हता, तो कोणाच्या हातात राहणार आहे हे बघायला हवं होतं आणि ते मी सगळ्यात शेवटी बघितलं.

वायफाय कॅमेरा ठेवणाऱ्यांनी एक मात्र कराच, पहिल्याच दिवशी त्याचा पासवर्ड बदला आणि फोनवर ओटीपी येईल असं लॉगिन करा. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी कुठलीही मोठी युक्ती लागली नव्हती, कंपनीने घालून दिलेले तेच ते पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते एवढंच. आपल्या बाळाची खोली आहे ती.

शेवटी आम्ही घेतला तो साधा दोन नगांचा सेट. एक कॅमेरा बाळाकडे, एक हातात मावणारी छोटी स्क्रीन आपल्याकडे, दोघं एकमेकांशी थेट २.४ वर बोलतात, नेट नाही, अ‍ॅप नाही, खातं नाही. आवाज आला की स्क्रीन आपोआप उजळते, आणि वर हिरवे-पिवळे-लाल दिवे एका ओळीत लागतात, जितका आवाज जास्त तितके दिवे जास्त. हे दिवे मला सगळ्यात जास्त आवडले. कुकरची तिसरी शिट्टी होतेय, मिक्सरमध्ये दाण्याचं कूट चाललंय, त्यात बाळाचा आवाज स्पीकरवर कितीही मोठा केला तरी ऐकू येत नाही, पण समोर लाल दिवा लागलेला दिसतो. रेंजच्या बाहेर गेलं की पीप पीप करतो. बॅटरी संपत आली की वेगळा आवाज करतो. साडेपाच हजार रुपये गेले.

पण तोही आणला आणि लावला असं झालं नाही. खोक्यावर लिहिलं होतं रेंज ३०० मीटर. ते मोकळ्या मैदानातलं असतं. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची आणि पातळ भिंतींची असतात, आपल्या विटांच्या भिंती आणि मधे सळयांचा स्लॅब, सिग्नल त्यातून कसाबसा जातो. आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करा, आणि वस्तू परत करायची मुदत असतानाच करा. बाळ सासूबाईंच्या मांडीवर असताना वर पाळण्यात फोन ठेवला, त्यात बाळाच्या रडण्याचंच रेकॉर्डिंग लावून दिलं, आणि मी स्क्रीन हातात घेऊन सगळं घर फिरले. हॉल, चांगलं. ओटा, चांगलं. गेट, चांगलं. धुण्याची जागा, बंद. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, बंद. मग नवऱ्याने वरचा कॅमेरा खिडकीकडच्या भिंतीवरून काढून दाराकडच्या भिंतीवर आणला, म्हणजे सिग्नलला स्लॅब फोडून जायच्याऐवजी जिन्याच्या मोकळ्या जागेतून खाली यायला वाट मिळाली. लगेच धुण्याच्या जागेपर्यंत यायला लागला. गच्चीवरचा कोपरा अजूनही बंदच आहे, तिथे जाताना मी सासूबाईंच्या हातात देऊन जाते. आणि मायक्रोवेव्ह! तोही त्याच २.४ च्या आसपास चालतो, त्यामुळे दूध गरम करायला लावला की स्क्रीनवरचं चित्र अडकतं. आता स्क्रीन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मसाल्याच्या डब्याशेजारी असते.

आता वायर. हा भाग मला कोणीही घाईत वाचलेला चालणार नाही. कॅमेऱ्याची वायर पाळण्यापासून निदान ३ फूट लांब हवी, बाळाचा हात कधीच पोचणार नाही इतकी लांब. २०११ साली अमेरिकेत एका कंपनीच्या तब्बल १७ लाख व्हिडिओ मॉनिटरबद्दल ह्याच कारणाने रिकॉल, म्हणजे विकलेल्या मालात धोका असल्याची जाहीर सूचना, काढावा लागला, दोन बाळांचा वायर गळ्याभोवती अडकून जीव गेला होता. एक ६ महिन्यांचं होतं, एक १० महिन्यांचं. आज जे बाळ कूस वळत नाही ते काही महिन्यांनी पाळण्याचा कठडा धरून उभं राहतं आणि जे हाताला लागेल ते ओढतं. चांगलं दिसावं म्हणून कॅमेरा पाळण्याच्या कठड्यालाच क्लिप करतात लोक, कृपा करून करू नका. आमचा भिंतीवर उंच आहे आणि वायर पट्टीत घालून खिळ्यांनी भिंतीला बसवलीय. चेहरा त्यामुळे बारीक दिसतो. दिसू दे.

पाळण्यात काय असावं ह्यावर घरात थोडं बोलणं झालं. सासूबाईंनी हौसेने राईची उशी शिवून ठेवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून, माझ्या नवऱ्यालाही त्यांनी तीच वापरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळ पाठीवर, गादी सपाट आणि घट्ट, आणि पाळण्यात दुसरं काही नाही, उशी नाही, लोड नाही, सुटी दुपटी नाहीत. मी एकटीने सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं, म्हणून पुढच्या फॉलोअपला त्यांनाच बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांना आज्जी म्हणून मायेने समजावलं. ती उशी आता बाळाच्या पहिल्या झबल्याबरोबर कपाटात जपून ठेवलीय. थंडीत शेगडी पेटवून शेक द्यायचंही आम्ही बंद खोलीत केलं नाही, धूर आणि कोळशाचा गॅस एवढ्याशा फुप्फुसांना नको म्हणून.

सेटवर खोलीचं तापमानही दिसतं. त्याने मला आधी उगाच घाबरवलं. इंग्लंडमध्ये बाळाची खोली १६ ते २० डिग्री ठेवा म्हणतात, तिकडे बनलेली खोलीची थर्मामीटर २४ च्या वर गेलं की लाल होतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंखा लावूनसुद्धा खोली ३० च्या खाली येत नाही. आणि कमी वजनाच्या बाळाला तर डॉक्टरांनी उलट ऊबच सांगितली होती. त्यामुळे मी आकडा बघते, पण मानेच्या मागे आणि पोटाला हात लावूनच ठरवते, घाम असेल तर टोपडं काढायचं, गार लागलं तर अजून एक झबलं.

एक गोष्ट मी मॉनिटर आल्यावर शिकले. बाळं झोपेत खूप आवाज करतात. कुंथतात, चुकचुकतात, मधेच एक छोटीशी किंकाळी मारतात आणि परत झोपतात, कारण नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही अशी हलती-बोलती असते. मॉनिटर हे सगळं मोठं करून ऐकवतो. पहिले काही दिवस मी प्रत्येक आवाजाला जिना चढून जायचे, उचलून घ्यायचे, आणि झोपलेल्या बाळाला मीच उठवायचे. मग मी थांबायला शिकले. दिवे हिरवे असतील तर स्क्रीनकडे बघत नुसतं उभं राहायचं, लाल लागून टिकले तर जायचं. आवाजाची पातळी मधे ठेवली, एकदम बारीक आवाजाला उठणारी नाही.

हे सगळं शोधताना पहिल्या बेबी मॉनिटरबद्दल वाचलं आणि ते मनात राहिलंय. १९३२ साली अमेरिकेत, न्यू जर्सीत, लिंडबर्ग ह्या प्रसिद्ध वैमानिकाच्या २० महिन्यांच्या बाळाला घरातून पळवून नेलं, वरच्या मजल्यावरच्या खोलीतून, आईवडील घरात असताना. बाळ नंतर मृत सापडलं. त्या घटनेने तिथले आईवडील हादरून गेले, झेनिथ ह्या रेडिओ कंपनीचे प्रमुखही त्यात होते, त्यांना स्वतःची लहान मुलगी होती. १९३७ साली त्यांच्या कंपनीने रेडिओ नर्स नावाचा मॉनिटर काढला, खोलीतला आवाज घराच्या विजेच्या वायरिंगमधूनच दुसऱ्या खोलीत जायचा, आणि त्याचं बाहेरचं रूप इसामु नोगुची ह्या शिल्पकाराने घडवलं होतं. फोटोत तो एखाद्या मुखवट्यासारखा दिसतो. म्हणजे ही वस्तू जन्मालाच भीतीतून आली. मला ते वाचून त्या काळातल्या आयांबद्दल फार जवळचं वाटलं. वर बाळ, खाली आपण, आणि मधला जिना.

माझी २६ आठवड्यांची रजा संपल्यावर एक मावशी यायला लागल्या. त्यांना पहिल्याच दिवशी कॅमेरा दाखवला, इथे आहे, चित्र दिसतं, आवाजही ऐकू येतो. त्यांनी विचारलं मी दुपारी जरा आडवी होते तेव्हा बंद केला तर चालेल का. चालेल, बाळ तेव्हा खाली असतं. न सांगता कोणावर कॅमेरा लावणं मला पटत नाही, जिच्या हातात आपण बाळ देतोय तिच्यावर तर नाहीच.

आणि भीतीपोटी आणलेल्या ह्या डब्याने मला एक दुपार दिली. बाळ साधारण साडेचार महिन्यांचं होतं, लवकर जन्मल्याचे आठवडे वजा केले तर तीनचं. मी मेथी निवडत होते. दिवे लागले, हिरवे, दोनच. स्क्रीनवर पिल्लू जागं होतं, पंख्याकडे बघत होतं आणि एकटंच बोलत होतं. अग्गू, अंगं, आणि मग स्वतःच्या आवाजाने चकित होऊन गप्प, परत अग्गू. सासूबाई काठी टेकत आल्या, आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून दहा मिनिटं ऐकत राहिलो. वर गेले असते तर मला बघून ते थांबलं असतं.

आता ते १५ महिन्यांचं आहे. उठलं की उभं राहून "आये" म्हणून हाक मारतं, ती मॉनिटरशिवाय गेटपर्यंत ऐकू येते. पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्या खालच्या खोलीत झोपणार, आम्ही वर, आणि रात्री उठायचं झालं तर त्यांनी एकटीने पाय खाली टाकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून काल नवऱ्याने भिंतीवरचा कॅमेरा काढून त्यांच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला, लेन्स भिंतीकडे फिरवून, फक्त आवाजासाठी. मी स्क्रीन घेऊन वर आमच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि थांबले. दोन हिरवे दिवे लागले.

"अगं, येतंय का ऐकू?"

मी बोलायचं बटण दाबलं आणि म्हटलं, "येतंय आई, स्पष्ट येतंय."